मागचं वजन

आबा,

इतक्या वर्षांनी लिहितोय, उशिराबद्दल रागावू नका. चौथीपर्यंतचं शिक्षण, त्यात लिहायची सवय कधीच सुटली. पण घरात माझं कुणी ऐकत नाही. ऐकून घेतील असे तुम्हीच उरलात.

तुमच्या नातवाने, म्हणजे माझ्या पोराने, लिंबाच्या बागेसाठी छोटा ट्रॅक्टर घेतलाय. त्याबद्दल तक्रार नाही. छाटलेल्या काटेरी फांद्या उचलताना सगळ्यांचे हात सोलून निघायचे, म्हणून त्याला पुढे लोखंडी पंजा बसवायचं ठरलं, हेही बरोबर. पण कसला पंजा? पोराने कारखान्यावर ऊस भरायचं मोठं मशीन पाहिलं आणि तसाच रुंद, दोन्ही बाजूंनी मिटणारा पंजा पाहिजे म्हणून हटून बसला. अरे, दोन ओळींत तो वळणार कसा? ट्रॅक्टरला तेलाचा पंप एकच. त्याच तेलावर मागची अवजारं उचलायची लिफ्ट, त्याच तेलावर पुढचे हात वर जाणार आणि त्याच तेलावर पंजा मिटणार. मोठ्या पंजाला दोन जॅक लागतात; एवढासा पंप किती जणांना पुरणार? नगरचा वेल्डिंगवाला माझ्यासमोर म्हणतो, "बाबा, तुमी चहा घ्या. हे हायड्रॉलिकचं काम हाय." जसा मी कधी लोखंडच पाहिलं नाही! शेवटी अरुंद पंजा ठरला. खालचा जबडा पक्का, वरचा एका जॅकवर मिटणारा. तेलाचे पाईपही काट्यात अडकू नयेत म्हणून आतल्या बाजूने घ्यायला लावले. पण श्रेय वेल्डिंगवाल्याला. असो.

माझं खरं भांडण वजनावर होतं. पुढे एवढं लोखंड टांगलं तर मागे वजन नको? हे मला कुणी शिकवलं? तुम्ही. मळ्यातून माती आणत होतो तो दिवस आठवतो. गाडी मागे जड झालीय, जू वर उचललं गेलंय, जुपण्या बैलांच्या गळ्याला आवळल्यात. तुम्ही लांबूनच ओरडत येता, "गाडी उलाळ झाली, दिसत न्हाई व्हय? मुक्या जनावराचा गळा दाबतो? पुढं जाऊन बस!" माती चुलत्याने भरली होती, शिव्या मला. तो राग अजून गेलेला नाही, सांगून ठेवतो. पण तेव्हापासून कुठलंही ओझं पाहिलं की माझी नजर आधी त्याच्या दुसऱ्या टोकाला जाते.

पोराला किती वेळा सांगितलं. "दादा, तुमी लई घाबरता," एवढंच उत्तर. परवा पंजा बसवून आणला आणि मागे काही न लावता फांद्यांचा भारा उचलला. उताराला मागची चाकं जमिनीवरून सुटली. ब्रेक मागच्याच चाकांना. तो ब्रेकवर उभा राहिला तरी ट्रॅक्टर घसरत गेला आणि बांधाला धडकून थांबला. पोराला खरचटलंसुद्धा नाही.

आता मागे वजन लागणार हे सगळ्यांना पटलं. तुमची सून म्हणाली, "ह्यांनाच बांधा की मागं. तसं बी दिवसभर त्याच्या मागंच अस्त्यात." सगळे हसले. हसा. पण पोराने काय शोधून काढलं माहीत आहे? गोठ्यापुढची तुमची दगडी डोणी! तिला खालून लोखंडी चौकट करायची, आत मुरूम भरायचा आणि मागच्या लिफ्टला टांगायची. म्हणे, आता पाणी प्यायला बैल कुठे आहेत? मी ओरडलो, "डोणीला हात लावायचा न्हाई! माझ्या बापानं खाणीवरून आणलीय ती." त्यावर तो शांतपणे म्हणाला, "मंग दुसरं काय लावू ते सांगा, दादा. का तसाच चालवू?"

हे काय विचारणं झालं? मी मागितलं वजन, आणि यांनी माझाच गळा धरला. तुम्ही ती डोणी गाडीत अगदी चाकांच्या आसावर ठेवून आणली होती. पुढे रेटून बघितलं, मागे रेटून बघितलं, मग म्हणालात, "आता कसं, बैलाला कळत बी न्हाई." मी पुढे बसलो होतो. त्या दिवशी शिव्या नव्हत्या.

सोमवारी बाजाराच्या दिवशी वेल्डिंगवाला चौकटीचं माप घ्यायला येतोय. मी पोराला अजून हो म्हटलेलं नाही, म्हणणारही नाही. हा कागद टपालात टाकून तुमच्यापर्यंत पोचायचा नाही हे मलाही कळतं. लिहून झाला की उशीखाली ठेवीन. एक मात्र सांगतो. आज सकाळी कुणी उठायच्या आत मी डोणीतलं साचलेलं पाणी उपसलं आणि आतलं शेवाळ घासून काढलं. तरी तुमच्या तोंडून होकार ऐकल्याशिवाय मला चैन पडायची नाही. सोमवारच्या आत काहीतरी कळवा, आबा.