नातीच्या नावावरचे तारे

बाबा, तुम्ही गेलात तेव्हा आपल्या घरात साधा फोनसुद्धा नव्हता, म्हणून आधी ॲप म्हणजे काय ते सांगते. तुमची पणती धारगळच्या शाळेत दुसरीत आहे. तिच्या बाईंनी सगळ्यांना मोबाइलवर वाचनाचं एक फुकटचं ॲप घालायला सांगितलं. त्यात लहान लहान गोष्टी वाचायच्या, ऐकलेला शब्द अक्षरं जुळवून लिहायचा. बरोबर आलं की एक तारा मिळतो आणि आतली बाई गोड आवाजात म्हणते, "शाब्बास!" चुकलं तरी ओरडत नाही. मुलगा आणि सून सकाळच्या बसनं पणजीला कामाला जातात, त्यामुळे हा फोन माझ्या ताब्यात असतो.

आता लाजेचं सांगते. पोर शाळेत गेली की उकडा भात गॅसवर ठेवून मी जनेलापाशी, खिडकीतल्या उजेडात बसायचे आणि तिच्या नावावर मीच खेळायचे. आधी म्हटलं, कसं चालतं ते बघू. मग चटकच लागली. साठी उलटलेली बाई, आणि शाब्बासकी ऐकायला फोन कानाशी धरून बसलेली! एकदा भात करपला, तर सुनेला म्हटलं, गॅस मोठा राहिला.

ते शाब्बास ऐकलं की डोळ्यांपुढे यायचं: लहानपणी डिचोलीच्या शाळेत मी तुमच्याच वर्गात पुढच्या बाकावर बसले आहे. शुद्धलेखनात एकही चूक नाही. शेजारणीच्या चुका आहेत, तरी तिच्या पाठीवर तुमची थाप पडते. मला, स्वतःच्या मुलीला, म्हणता, "मास्तराच्या चेडवाक इतक्यां येवकच व्हया," आणि पाटी परत देता. मला वाटायचं, हे मी केव्हाच विसरले.

पण उत्तरं कोण देतंय हे ॲपला काय कळणार? त्यानं पोरीला हुशार समजून भराभर वरच्या धड्यांवर चढवलं. 'कमळ', 'बदक' वाचणाऱ्या मुलीपुढे जोडाक्षरांचे उतारे आले. रोज संध्याकाळी ती चुकायची. हे माझ्यामुळे झालंय हे कळत असूनही एकदा भाकऱ्या थापताना मी तिच्यावर खेकसले, "मास्तराच्या पणतीक इतक्यां येणा नाय?" अगदी तुमचा सूर, बाबा. ती रडली नाही. फोन ठेवला, शाळेचं पुस्तकही मिटलं. "माका येणा नाय गे आजी. मी ढ." मग शाळेतून बाईंचा निरोप आला, ही वर्गात वाचायला उभीच राहत नाही.

काल तिला जवळ घेऊन सगळं खरं सांगितलं. आधी तारे चोरले म्हणून भडकली. मग थांबून म्हणाली, "म्हणजे ता कठीण तुजा होता? माजा नाय?" मी मान डोलावली. तिनं लगेच ॲपमध्ये नवं नाव घालून पहिला धडा उघडला आणि 'बदक' असं मोठ्यानं वाचलं की मला रडूच आलं. मग तिनं विचारलं, "पण तू कित्याक खेळलंस?"

"ती बाई शाब्बास म्हणता म्हणान."

"तुजे बाबा म्हणत नाय होते?"

"म्हणत होते गो," मी म्हटलं. "रोज म्हणत."

तिला ते पटलं. ती पुन्हा वाचायला लागली. बाबा, या वयात तुमच्यासाठी मी त्या पोरीशी खोटं बोलले, आणि बोलताना वाटत होतं, तिनं आणखी विचारावं, म्हणजे मला तुमच्या शाब्बासकीचं आणखी सांगता येईल.