आदी स्टेपनी दाखव

आये, आज गाडीला नवीन चाकं बसवून आणली. रिम आणि टायर दोन्ही नवीन. गाडी तू पाहिलेली नाहीस. तू गेलीस त्याला तेवीस वर्षं झाली, आणि तेव्हा माझ्याकडे सायकलसुद्धा नव्हती. आता सीवूड्सच्या सोसायटीत शेजाऱ्याच्या जागेत हातभर घुसून उभी राहते एवढी मोठी गाडी आहे. आत चढायला पायरी लागते. चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळते, त्यामुळे दगडधोंडे, चिखल, ओढे सगळ्यातून जाते म्हणतात. आमच्याकडे दोन वर्षांत ती फार तर मॉलच्या पार्किंगचा चढ चढली असेल. पण येत्या बुधवारी तुझी नात ती घेऊन हिमालयात चालली आहे, दोन मैत्रिणींना बसवून, स्वतः चालवत. तू गेल्यावर वर्षभरानं झाली, म्हणून तुला ती ठाऊक नाही. वाटेत एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, आणि मधल्या दगडांना रस्ता म्हणायचं. मी नको म्हणून पाहिलं, तिनं ऐकलं नाही. हा हट्ट कुणाचा ते मी सांगायला नको. मग म्हटलं, निदान तिच्या पायाखाली काय असावं ते तरी मी ठरवते.

सानपाड्याला हायवेलगत मोठं दुकान आहे. काचा, एसी, कॉफी, आणि भिंतीवर भांड्यांच्या दुकानात ताटं मांडावीत तशी रिम मांडलेली. तुला आत पाऊल टाकवलं नसतं, चपला बाहेर काढल्या असत्यास. लेकीचा जीव तिथल्या काळ्या कुळकुळीत वीस इंची रिमवर जडला. विकणारा मुलगा तिच्याच वयाचा. म्हणाला, "म्याम, वीसच टाका. अठराचं कंपनी फिटिंग एकदम साधं दिसतं. यानं गाडीला लूक येतो, बाकी टेन्शन नाय." मी वाकून पाहिलं. रिम मोठं झालं की रबराला जागा उरत नाही. त्या चाकावर टायर होता जेमतेम चार बोटं जाड. आणि आये, इतक्या वर्षांत तुझा आवाज मला असा कानाशी आला नव्हता. "गारीचा भार टायर नाय उचलत पोरी. हवा उचलते. टायर निसता हवेला धरून ठेवतो."

मला अजून दिसतं, उरण रोडच्या कडेला आपली पत्र्याची शेड आहे. मिठागरं संपली, जमीन बंदरात गेली, बाबांनी पंक्चरचं दुकान टाकलं आणि दोन वर्षांत तेही गेले. गावातल्यांना वाटलं तू शेड विकशील. तू दुसऱ्या आठवड्यात पदर खोचून कंप्रेसर चालू केलास. कंटेनरचे ड्रायव्हर आधी खाली उतरत नाहीत, बाईला टायर काय कळणार म्हणून केबिनमधूनच बघत बसतात. तू टायरवरून तळहात पुढे फिरवतेस, मग मागे फिरवतेस. पुढे गुळगुळीत लागतो आणि मागे खरखरीत, म्हणजे चाक तिरपं धावतंय. मधेच झिजला, म्हणजे हवा जास्त. एका जागी चपटा झाला, म्हणजे ड्रायव्हरनं अचानक ब्रेक दाबला होता. "काल कुनाला वाचवलास रं?" असं तू एकाला विचारलंस, आणि तो सहा फुटी माणूस केबिनमधून उतरून तुझ्यासमोर हात जोडून उभा राहिला. खरंच त्यानं आदल्या दिवशी घाटात एक मोटारसायकलवाला वाचवला होता. मी शेडमध्ये गणितं सोडवत बसलेली. मला त्यात काही विशेष वाटलं नाही. आया असंच करत असतील, असं मला वाटायचं. आज त्या दुकानात मी मनात हिशेब मांडला. अडीच टन लोखंड, त्यात माझं एकुलतं लेकरू, आणि ते सगळं उचलून धरणार हवा. तुला अक्षर वाचता येत नव्हतं, आणि एवढी मोठी गोष्ट तू टबात ट्यूब बुडवता बुडवता सांगून मोकळी झालीस.

म्हणून मी वीस इंची रिम बाजूला केलं, अठराही नको म्हटलं, आणि सतरा मागितलं. रिम लहान घेतलं की टायर जाड बसतो, त्यात हवा जास्त मावते, आणि दगडावर आपटल्यावर आधी हवा दबते, रिमला तडा जात नाही. मुलगा हसला, "म्याम, लोक साइज वाढवतात, तुम्ही कमी करताय?" मी म्हटलं, आधी एक लावून दाखव, आतल्या ब्रेकला घासत नाही ना ते बघू. घासत नव्हतं. मग टायर आले, चांगले खोल नक्षीचे. मी कडेचे आकडे शोधले. "टायराचा जलम बग," म्हणायचीस ना तू. अक्षर येत नसलं तरी आकडे तुला येत, आणि टायर कुठल्या आठवड्यात, कुठल्या साली बनला ते तू बोट ठेवून सांगायचीस. हे चार वर्षं गोदामात पडून होते. परत पाठवले, नवे आणवले. शेवटी मुलगा म्हणाला, "चार ना म्याम?" मी म्हटलं, पाच. स्टेपनी जुन्या मापाची राहिली तर डोंगरात तिचा उपयोग काय? तुझ्याकडे गाडी आली की तू फाटलेल्या टायरकडे बघायचीसही नाहीस. आधी मागे जायचीस. "आदी स्टेपनी दाखव." जो स्टेपनी सांभाळतो तो बाकीचंही सांभाळतो, असा तुझा हिशेब. लेक माझ्याकडे बघतच राहिली. तिच्या आईला एक्सेलच्या पलीकडे काही येतं हे तिला नवीन होतं.

आता ते सांगते, जे आपण दोघींनी कधीच काढलं नाही. माझ्या कॉलेजची बस बंदर बघायला निघाली होती. उरण रोडला मागचा टायर बसला आणि ड्रायव्हरनं बस नेमकी तुझ्या शेडसमोर आणली. सगळे उतरले. मी मागच्या सीटवर डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलं. तू दारात आलीस. मी पापण्यांतून पाहत होते. तू मला पाहिलंस, आणि म्हणालीस, "म्याडम, उतरा. मानूस आत असताना मी जॅक नाय लावत." म्याडम. मी उतरले आणि तुझ्याकडे पाठ करून उभी राहिले. कुणीतरी म्हणालं, बाई बघ पंक्चर काढते. सगळे हसले, आणि मीही हसले. तुझ्या हाताचा पाना थांबला नाही. संध्याकाळी तू ताटात भाकरी वाढलीस, बोंबलाचं कालवण वाढलंस, आणि एवढंच बोललीस, "त्या बसचं मागचं दोनी टायर गोटा झालंन. कालेजात सांग." मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं, तुला कसं कळलं? चाळीस पोरं त्या गुळगुळीत टायरांवर वर्षभर फिरली आणि सुखरूप राहिली, त्यात माझं काही पुण्य नाही. तू माझी लाज झाकलीस, आणि मी ती झाकलेलीच ठेवली. तेव्हा मला वाटलं होतं, तू रागावलीस. आज मला कळतं की तुला माझी लाज दिसली, पण त्याआधी त्या पोरांचे टायर दिसले. एवढं मन कुठून आणलंस गं?

चाकं बसवायला एक म्हातारा कारागीर होता, साताऱ्याकडचा. जुने टायर उतरवले तेव्हा मी नकळत एकावरून हात फिरवला, पुढे आणि मागे, आणि म्हटलं, गाडी डावीकडे ओढते, अलाइनमेंट नीट बघा. तो पाना खाली ठेवून माझ्याकडे बघायला लागला. "हे कुठं शिकला म्हणायचं मॅडम?"

लेक शेजारीच उभी होती. मी म्हटलं, "यूट्यूबवर."

"असंल," तो म्हणाला. "पर यूट्यूबच्या आधी उरण रोडला एक मावशी हुती. आमच्या वस्तादानं मला मुद्दाम नेऊन दाखवली हुती तिला. म्हनला, हिच्या हाताला नमस्कार कर, मग धंद्याला लाग. मी केला. नुसता हात फिरवून सांगायची गाडीचं बी आनि मानसाचं बी. पुन्यांदा तसा हात बघितला न्हाई."

त्यानं सांगताना नकळत हात जोडले होते. लेकीचे डोळे मोठे झाले होते. तिला तुझ्याबद्दल एवढंच माहीत आहे, की आजी उरणला असायची आणि लवकर गेली. मला तेव्हा फक्त तीन शब्द बोलायचे होते. तो कारागीर माझ्याकडे बघत होता, लेक माझ्याकडे बघत होती, आणि त्या बसमधून उतरायला मला याहून चांगली वेळ मिळणार नव्हती.

लेक म्हणाली, "आई, काय भारी बाई असेल ना ती?"

आये, मी म्हटलं, "हो. असेल."