टॅमरॅक फॉल्सच्या शाळा मंडळाची निवडणूक आणि अर्लिन मामांचं गिरमिट

टॅमरॅक फॉल्स, विस्कॉन्सिन
मार्च सरत आला (कॅलेंडरावर; अंगणात अजून जानेवारीच आहे)

तीर्थरूप अर्लिन मामा आणि ऑड्री मामी यांना,

मार्लिसचा नमस्कार. तो दोघांनी उन्हात बसल्या बसल्याच स्वीकारावा, माझ्यासाठी उठायची तसदी घेऊ नये. आईकडून कळलं की ॲरिझोनाच्या कोरड्या हवेने मामांचा गुडघा इतका सुधारला की ते गोल्फच्या गाडीतून उतरून पायी चालायला लागले, आणि म्हणूनच निवडुंगावर पडले. काटे सगळे निघाले का? मामी चिमटा लावत असताना मामा काय काय बोलले ते आईने मला सांगितलं नाही, पण तिने शेजारच्या खोलीत जाऊन दुसऱ्या कुणाला तरी सांगितलं असावं, कारण हसण्याचा आवाज आला. तुमचं इथलं घर ठाकठीक आहे. छपरावरचा बर्फ तुमच्या भाचेजावयाने, म्हणजे रॉजरने, ओढून काढला. (रॉजरही ठीक आहे. बर्फाबरोबर तोही खाली आला, पण बर्फ आधी पोचला होता म्हणून बरं झालं.)

पत्राला कारण असं काही नाही, सहज लिहायला बसले. मी शाळा मंडळाच्या जागेसाठी उभी आहे हे तुमच्या कानावर आलंच असेल. दोन वर्षांपूर्वी मंडळाने काटकसर म्हणून आपल्या शाळेतलं समुपदेशकाचं पद रद्द केलं, तेव्हापासूनची ही हकिकत आहे. मी तेच काम शेजारच्या बर्डॉकच्या शाळेत करते. म्हणजे रोज सकाळी बर्फातून गाडी हाकत दुसऱ्या गावच्या मुलांची दुःखं ऐकायला जाते आणि संध्याकाळी आपल्या गावात परत येते, जिथे मुलांना दुःखं तेवढीच आहेत पण ऐकणारं कुणी नाही. ती मग मला किराणा दुकानात गाठतात. या हिवाळ्यात गोठवलेल्या मटारांच्या कपाटापाशी इतकी मुलं माझ्यासमोर रडली की दुकानदाराने मटारांचा भाव उतरवला. मला राग येतो, मामा. मुलाने मन मोकळं करायला मटारांपाशी यावं लागतं, ही गावाला शोभणारी गोष्ट नाही.

हे मी एकदा बेव्हजवळ बोलून गेले. (बेव्ह म्हणजे शाळेच्या स्वयंपाकघरात आयुष्य काढून निवृत्त झालेली आपली बेव्ह. मामा एकदा शाळेत पाहुणे म्हणून आले होते तेव्हा तिने त्यांनाही ताटातलं गाजर संपवल्याशिवाय उठू दिलं नव्हतं.) ती म्हणाली, "मग उभी राहा की! नुसती फुरफुरतेस काय?" मी विचार करून सांगते म्हणेपर्यंत ती माझ्या उमेदवारीच्या अर्जावर सह्या गोळा करून आलीसुद्धा. कुणालाही वाढप घेताना नाही म्हणायची संधी द्यायची नाही, हा तिचा जुना शिरस्ता.

आता गिरमिटाबद्दल. अंगणात प्रचाराच्या पाट्या रोवायच्या तर मार्चमध्ये जमीन दगडासारखी. बेव्हकडे तुमच्या गॅरेजची किल्ली आहे. तळ्यावरच्या बर्फाला भोक पाडून मासे धरायचं तुमचं ते मोठं गिरमिट तिला तिथे दिसलं, आणि गोठलेलं तळं काय नि गोठलेलं अंगण काय, असा तिने सारासार विचार केला. पहिली काही अंगणं चांगली गेली. मग ओक रस्त्याच्या कोपऱ्यावर गिरमिट कशाला तरी अडलं. बेव्ह माघार घेणाऱ्यातली नाही, तिने अंगाचा भार टाकला. ती कसलीशी तार निघाली. सबंध ओक रस्त्याचे टीव्ही बंद पडले, आणि त्या वेळी आपल्या शाळेच्या पोरांचा बास्केटबॉलचा सामना शेवटच्या मिनिटात होता. लोक बाहेर आले तेव्हा भोकाशेजारी माझ्या नावाची पाटी छान सरळ उभी होती. गिरमिटाची पाती मी नवी बसवून देईन. दांडा सरळ करता येईल असं रॉजर म्हणतो, पण मी सहज निवडून येईन असंही तोच म्हणतो.

दारोदार फिरण्यात वेगळीच पंचाईत झाली. आमच्या धंद्यात समोरच्याला काय कर ते सांगायचं नसतं. "कसं चाललंय?" एवढं विचारून गप्प बसायचं, आणि खरोखर गप्प बसायचं. आपल्या गावात या प्रश्नाला "बरं चाललंय" हे उत्तर देऊन हवामानाकडे वळायची पद्धत आहे. मी वळत नाही. मग समोरचा माणूस थोडा वेळ चुळबुळतो आणि सगळं सांगायला लागतो. एकीने भावाशी का बोलत नाही ते सांगितलं, एकाने चर्चच्या गायकवृंदातून का निघालो ते सांगितलं. (नावं विचारू नका, मी गुप्ततेला बांधलेली आहे. शिवाय तो कसा गातो हे तुम्हाला माहीत आहे.) प्रत्येक घरातून मी लिंबाच्या वड्यांचा डबा आणि कुणाचं तरी ओझं घेऊन निघत असे. बेव्ह गाडीत वाट बघत बसलेली असायची.

"मत मागितलंस?"

"राहिलंच."

"अगं, मत मागायला गेली होतीस की मयताला? नुसत्या वड्यांवर निवडून येणार आहेस का तू?" असं म्हणून ती डबा उघडायची.

अशीच मी एका संध्याकाळी रस्त्यातलं एकही घर न गाळता फिरत होते आणि सवयीने डेल हॉवरूडच्या घराची घंटा वाजवली. डेल म्हणजे गोठ्यांचे पंखे विकणारा, माझ्या वर्गात होता तो, आणि या निवडणुकीत माझ्याविरुद्ध उभा असलेला एकमेव उमेदवार. समुपदेशकाचं पद कायमचं पुसून टाकायचं, हे त्याच्या पत्रकातलं पहिलं वाक्य. दार उघडून तो माझ्याकडे बघत राहिला, मी त्याच्याकडे. पण आपल्याकडे त्या थंडीत शत्रूलाही उंबऱ्याबाहेर उभं करत नाहीत. "ये आत, मार्लिस, गोठशील उगाच," तो म्हणाला आणि कॉफी टाकायला गेला. मी विचारलं, "कसं चाललंय?" तो म्हणाला, "बरं चाललंय." आणि मी गप्प बसले.

तो काय बोलला ते मी सांगू शकत नाही. गावाला ठाऊक आहे तेवढंच सांगते: त्याची बायको मागच्या शरद ऋतूत वारली, आणि आठवीतली मुलगी टेसा त्यानंतर घरात कुणाशी बोलत नाही. कॉफीचं भांडं पुन्हा भरावं लागलं. निघताना तो म्हणाला, "चर्चमधल्या उमेदवारांच्या सभेत चार लोकांसमोर बोलायचं मला जमणारच नाही गं." मी त्याला श्वास कसा घ्यायचा, कुठे थांबायचं, खरं मनात असेल तेच कसं बोलायचं, सगळं शिकवलं. गाडीत बेव्हला हे सांगितल्यावर तिने बराच वेळ गाडी सुरूच केली नाही.

सभा चर्चच्या तळघरात झाली, सगळं गाव आलं होतं. (टीव्ही अजून दुरुस्त व्हायचे होते.) डेल आधी उभा राहिला. त्याने श्वास घेतला, थांबला आणि म्हणाला, "ते पद रद्द करा म्हणणारा मीच होतो. चुकलो. माझी पोर माझ्यासमोर बसून जेवते आणि बोलत नाही, आणि शाळेत तिला कुणाकडे पाठवावं असं माणूस नाही. मी निवडून आलो तर ते पद परत आणीन. त्या खुर्चीवर कोण बसावं ते तुम्हालाही माहीत आहे, ती इथे बसलीय. पण तिला मंडळावर पाठवलंत तर तिला ती नोकरी करता येणार नाही, कायदाच तसा आहे." माझे डोळे भरून आले, ते मी लपवले नाहीत. मग माझी पाळी आली, आणि सवयीप्रमाणे मी म्हणाले, "डेल, तू म्हणतोस ते मला असं कळतंय," आणि त्याचं म्हणणं त्याच्यापेक्षा नीट मांडून दाखवलं. टाळ्या पडल्या. बेव्ह उठून कप विसळायला निघून गेली.

गंमत म्हणजे त्या सभेनंतर लोक माझ्याच बाजूला झुकलेत. काय मोठ्या मनाची बाई, म्हणतात. बेव्ह पुन्हा गिरमिट घेऊन निघाली आहे आणि सामना अटीतटीचा होणार असं तिचं भाकीत आहे. तुमचे आशीर्वाद असू द्यावेत. मामांनी निवडुंगापासून आणि मामींनी मामांपासून जपावं.

आपली भाची,
मार्लिस

ता. क. तुमच्या टपाली मतपत्रिका आल्या असतीलच. दोघांनीही डेलला मत द्यावं ही नम्र विनंती. (मामांच्या पाकिटावर साक्षीदार म्हणून मामींनी सही करावी, मामींच्या पाकिटावर मामांनी, मागच्या वेळी मामांनी आपल्याच पाकिटावर साक्ष दिली होती.) मी निवडून आले तर पद परत येईल, पण खुर्ची रिकामी राहील. पूर्वी जाहिरात दिली होती तेव्हा या थंडीत या पगारावर कुणी फिरकलं नव्हतं. अर्ज मागे घेता येत नाही. आपल्या राज्यात मतपत्रिकेवरचं नाव फक्त उमेदवार मेल्यावर निघतं, आणि तेवढी माझी तयारी नाही.

ता. क. २. तुमच्या शेजारच्या घरांतून आपल्या गावची बरीच मंडळी हिवाळा काढतायत. त्यांच्यातही माझ्याविरुद्ध जरा प्रचार करावा. खोटं सांगू नका. चर्चच्या पंगतीला नेतो त्या हॉटडिशमध्ये मी मटार घालते आणि आपल्या पूर्वजांच्या नॉर्वेला कधी गेले नाही, एवढं पुरेल. बेव्हला यातलं काही कळता कामा नये, ती माझ्यासाठी जीव टाकतेय.

ता. क. ३. मुलं माझ्याशी काय बोलतात ते मी कुणाला सांगत नाही, पण हे आमच्या दारात, रॉजरदेखत झालं, म्हणून सांगायला हरकत नाही. काल टेसा हॉवरूड आली. पायरीवर उभी राहिली, आत ये म्हटलं तर आली नाही. बराच वेळ बुटाने बर्फ उकरत होती. मी गप्प बसले. मग तिने वर बघितलं आणि विचारलं, "तुम्ही नक्की हरणार ना?"

मी हो म्हटलंय, मामा. मतपत्रिका आजच टपालात टाका.