माझ्यासाठी प्रार्थना करू नये

५ जानेवारी २०२५, रविवार
खालच्या मजल्यावरचे दिनानाथ उबाळे वर्षभर चर्चला बोलावत होते. आज गेलो. इथेच करंजाडेत, हार्डवेअरच्या दुकानावरचा हॉल. मी पक्का नास्तिक, जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलेला. उद्देश निव्वळ अभ्यास. तो एका भेटीत झाला. पुन्हा जाणार नाही.
आल्याचा चहा मात्र उत्तम.

१२ जानेवारी
एका भेटीवर निष्कर्ष काढणं अशास्त्रीय. गेलो. भेटेल तो 'जय ख्रिस्त' म्हणतो. मी ठणकावून 'नमस्कार'. कोणालाच राग आला नाही, याचा मला थोडा आला.

२६ जानेवारी
सोसायटीचं झेंडावंदन उरकून थेट तिकडे. पेटी वाजवणाऱ्या सुनंदाबाईंनी मला धरून गाणाऱ्यांत उभं केलं. पुरुषांचे आवाज कमी पडतात म्हणे. संगीत ही कला, श्रद्धा नव्हे. तरी तत्त्व ते तत्त्व: 'प्रभू' आला की तोंड मिटून नुसतं 'हं' करायचं. कोणाला पत्ता लागणार नाही.

६ फेब्रुवारी, तालीम
लागला. तुमचा दम नेमका प्रभूपाशीच कसा हो तुटतो, असं सुनंदाबाईंनी सगळ्यांदेखत विचारलं. दमा आहे म्हणून सांगितलं. प्रसंगावधान!

९ फेब्रुवारी
पास्टरनी भर उपासनेत माझ्या दम्यासाठी प्रार्थना केली. नसलेल्या दम्यासाठी! संपल्यावर सगळ्यांना थांबवून खरं ते सांगून टाकलं. दमा नाही, देव मानत नाही, आणि यापुढे माझ्यासाठी कोणीही प्रार्थना करू नये. पास्टर म्हणाले, बरं सर, तुमच्या शब्दाबाहेर नाही. चहा करणाऱ्या गुणाबाई म्हणाल्या, दमा नाही ना, मग त्या सतरंज्या जरा झटका.
विवेकवादाचा विजय. झटकल्या.

१८ फेब्रुवारी
मोतीबिंदू पिकलाय. शुक्रवारी ऑपरेशन. मुलाला, अपूर्वला, ऑफिसातून सुट्टी नाही, पुण्याहून व्हिडिओ कॉल करणार आहे. वसुंधरा असती तर तिने देव पाण्यात ठेवले असते आणि मी त्यावरून कडाक्याने भांडलो असतो. आता घरात भांडायलाही माणूस नाही. त्याचं फार वाईट वाटतं. भीती वगैरे नाही. बीपी वाढलंय ते मिठाने.

२३ फेब्रुवारी
एका डोळ्याने लिहितोय. दिनानाथांनी रिक्षाने नेलं, आणलं. सुनंदाबाई मऊ भात आणि मेतकूट देऊन गेल्या. गुणाबाई दुखरा गुडघा घेऊन जिना चढतात, डोळ्यात ड्रॉप्स घालतात. कोणी प्रार्थनेचं नावसुद्धा काढलं नाही. शब्दाची पक्की माणसं!
गुणाबाईंना आडून विचारलं, माझ्या पाठीमागे कोणी काही करतंय का? त्या म्हणाल्या, छे हो सर, शप्पथ नाही. इतकं पक्कं असायची काय गरज होती?

२ मार्च
काळा गॉगल लावून उपासनेला. पास्टर एकेक नाव घेऊन प्रार्थना करत होते. गुणाबाईंचा गुडघा. दिनानाथांच्या भाच्याची दहावी. सुनंदाबाईंच्या पेटीचा फाटका भाता. भात्यासाठीसुद्धा! मी वाट पाहिली. माझं नाव येईना. या सगळ्यांत मी कोणीच नाही असं वाटलं, आणि ते सहन होईना. पास्टर समारोपाकडे वळले, तेवढ्यात माझ्याच तोंडून मोठ्याने निघालं, की माझा डोळा राहिला.
सगळ्यांनी मिटलेले डोळे उघडून पाहिलं. पास्टरनी हळूच विचारलं, सर, तुमची मनाई होती ना? मी म्हटलं, ती फक्त दम्यापुरती.
केली. नाव घेऊन केली. 'आमेन' हा मूळ हिब्रू शब्द, केवळ भाषेच्या अभ्यासापोटी म्हटला. खणखणीत म्हटला. प्रार्थना अजून अर्धी व्हायची होती, असं घरी येताना दिनानाथ म्हणाले.