स्वयंपूर्ण टाकी

३ मार्च, सोमवार
काचेची टाकी मांडली. तळाला खडी, पाणवनस्पती, गोगलगायी, सहा मासे. बॅलन्स्ड इकोसिस्टिम. मासे शेवाळ खाणार, त्यांची घाण खडीतले जीवाणू कुजवणार, त्यावर वनस्पती वाढणार. माणसाने फक्त बघायचं. मुलीने विचारलं, यात तुम्ही कोण? म्हटलं, संस्थापक.

७ एप्रिल, सोमवार
महिना उलटला. पाणी आरशासारखं. मी बोटसुद्धा लावलेलं नाही. ऑफिसात चहाच्या वेळी या विषयावर बोललो. साहेबांनाही रिसेप्शनला अशी टाकी हवी आहे. रविवारी बघायला येणार. माझ्या प्रमोशनची फाइल त्यांच्याच टेबलावर आहे, हे सहज आठवलं.

८ एप्रिल
बायको मुलीला घेऊन माहेरी गेली. निघताना टाकीच्या पाण्याचं काहीतरी सांगत होती. म्हटलं, सिस्टिम स्वयंपूर्ण आहे, तुझी बस चुकेल.

१० एप्रिल
खडीवर तपकिरी, बुळबुळीत थर. साहेबांना हे दाखवायचं? खडी साबणाने घासली, उकळत्या पाण्यातून काढली. लखलखते आहे. पाणीही सगळं नवं भरलं. गोगलगायी दिसायला बऱ्या नाहीत, त्या शेजाऱ्यांच्या हौदात सोडल्या.

११ एप्रिल
पाणी दुधाळ. मिनरल्स असावेत.

१२ एप्रिल, सकाळ
मासे वर येऊन तोंडं उघडतात. मला ओळखू लागले.

संध्याकाळ
दोन मासे उलटे. बायकोला फोन केला, सहज. ती म्हणाली, अहो, खडी घासलीत? तुमचे ते जीवाणू त्या थरातच होते. शिवाय दर मंगळवारी थोडं पाणी मी बदलत होते, चिमूटभर खाणं रोज मुलगी घालत होती. मला का नाही सांगितलं, विचारलं. म्हणाली, तुम्ही इतके खुशीत बघत बसायचात.

१३ एप्रिल, रविवार
दोघी पहिल्या बसने परत आल्या. बायकोने मासे बादलीत काढले, शोभेच्या माशांच्या दुकानातल्या जुन्या टाकीतून पिशवीभर मळकी खडी आणली. चार मासे वाचले. म्हणजे बहुमत. मेलेले दोन मुलीने कुंडीत पुरले. मी कुजण्याचं महत्त्व सांगू लागलो. म्हणाली, बाबा, आत्ता नको.

साहेब आले. बादलीशी उकिडवे बसून बायकोशी तासभर बोलले. मी चहा केला. रिसेप्शनच्या टाकीसाठी त्यांनी तिचा नंबर घेतला. फाइलचं म्हणाले, बघू.

संध्याकाळी मुलीला विचारलं, आज खाणं मी घालू का? तिने डबा दिला नाही. चिमूट म्हणजे किती, ते माझ्या तळहातावर काढून दाखवलं आणि परत डब्यात टाकलं. उद्या घालू का, विचारलं.

तीही म्हणाली, बघू.