पुरुष गटातल्या तिसऱ्या क्रमांकाचा खुलासा

खारघर, सेक्टर बारा
मंगळवार, सकाळ

हौसेराव,

पत्राच्या डोक्यावर काय लिहावं या विचारात पहिला चहा गार झाला. तुम्ही प्रेमलाचे थोरले बंधू, म्हणजे 'तीर्थरूप' लिहायला हवं; पण शाळेत तुम्ही माझ्या दोन इयत्ता मागे होता, त्यामुळे लेखणी 'चिरंजीव'कडे ओढ घेते. शेवटी नुसतं नाव लिहिलं आहे. नमस्कार आणि आशीर्वाद दोन्ही पाठवतो, जे मापाला बसेल ते ठेवून घ्या. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला गेला का? ऊस तुटला का? (हे सगळं फोनवर विचारता आलं असतं, पण फोनवर तुम्ही शेताच्या या बांधावरून त्या बांधाला बोलावं तसं बोलता, आणि आजचा विषय प्रेमलाच्या कानावर न गेलेला बरा.)

मागच्या आठवड्यात, सोमवारी, मी तुम्हाला कळवलं होतं की दहा किलोमीटरच्या शर्यतीत, पासष्ट वर्षांवरच्या पुरुषांत, मी तिसरा आलो. तुम्ही ते गावभर केलंत, आणि सव्वीस जानेवारीला आपल्या शाळेत झेंडावंदनानंतर माझा सत्कार ठरवलात. त्या बातमीत एक दुरुस्ती आहे. दुरुस्ती लहान आहे, पण तिच्यापर्यंत यायला मला जरा लांबून निघावं लागेल.

आमचं धावणं सुरू कसं झालं हेच तुम्हाला ठाऊक नाही. डॉक्टरांनी साखर पाहून मला रोज चाळीस मिनिटं चालायला सांगितलं. मी इमानेइतबारे बागेपर्यंत जात असे आणि बाकावर बसून समोरच्या डोंगरावर ऊन कसं उतरतं ते पाहत असे. (आपल्या मराठीच्या गुरुजींनी फळ्यावर कविता लिहून दिली की तिच्यातला डोंगर मला खिडकीबाहेर दिसायचा. इथला डोंगर खिडकीबाहेर आहे, पण तो पाहून कविता म्हणणारं कुणी नाही, तेव्हा ते काम माझ्याकडे आलं.) डोंगर पाहून झाला की फाटकापाशी एक वडापाव. एके दिवशी प्रेमला मागून आली. तिनं हाक मारली नाही, नुसती माझ्या रोखानं चालू लागली. मीही चालू लागलो. ती भरभर चालू लागली, मी अधिक भरभर. वळणावर मी मागे पाहिलं तर ती पदर खोचून धावत होती, म्हणून मीही धावलो, हातात पुरावा तसाच. एकोणसत्तर वर्षांच्या आयुष्यात मी स्वतःहून धावलो ती ही पहिली खेप. तिनं मला कारंज्यापाशी गाठलं, वडापाव काढून घेतला आणि, तुमची शपथ, स्वतः खाल्ला. मग म्हणाली, "अहो, लई बरं वाटलं पळून."

तिथं ऋषी नावाचा एक तरुण पायाला ताण देत उभा होता. तो आमच्या सोसायटीतलाच. दिवसा संगणकापुढे बसतो आणि पहाटे लोकांना पळवतो. तो म्हणाला, "काका, काकू, कसला भारी पेस होता तुमचा. ग्रुप जॉइन करा." आम्ही पेस नव्हे, भांडण करत होतो हे त्याला कोण सांगणार.

तर गेलं दीड वर्ष आम्ही दोघं पहाटे साडेपाचला त्या कळपात असतो. लोक का धावतात, याची मला मोठी जिज्ञासा. एका बाईंनी सांगितलं की सासूबाई उठायच्या आतला तो एक तास तेवढा तिचा असतो. एक गृहस्थ दरवर्षी एक जुनी विजार पुन्हा कमरेला बसवण्यासाठी धावतात. स्वतः ऋषीला बढती नाकारली होती, त्या रागात त्यानं पहिले बूट घेतले. राग गेला, बूट राहिले. बाकीच्यांपैकी पुष्कळजण धावल्याचा फोटो टाकता यावा म्हणून धावतात. मी मात्र वृत्तांवर धावतो. सपाटीला भुजंगप्रयातासारखं काही नाही. गुरुजींनी शिकवलेला 'य' गण चार वेळा म्हणायचा: यमाचा, यमाचा, यमाचा, यमाचा, पाऊल आपोआप पडतं. फक्त पांढऱ्या केसांचा माणूस धापा टाकत असं पुटपुटत मागून आला की पुढचे लोक दचकून बाजूला होतात. चढावर शार्दूलविक्रीडित घेऊन पाहिलं, पण बाराव्या अक्षरावरच्या यतीला मी थांबतो तो थांबतोच. प्रेमलाला विचारलं, तू का धावतेस? ती म्हणाली, "बरं वाटतं." मी म्हटलं, आणखी काही? तर म्हणाली, "आणखी काय असायला पायजे?"

आता शर्यत. पाम बीच रस्त्यावर, रविवारी पहाटे. छातीला लावायचे नंबर आदल्या दिवशी मिळाले, त्यांना इथं बिब म्हणतात. बिबावर नाव नसतं, नुसता आकडा, आणि पाठीमागे वेळ मोजणारी एक चिप. टाचण्यांनी नव्या कपड्याला भोकं पडतात, म्हणून तुमच्या भगिनीनं दोन्ही बिबं टी-शर्टांवर शिवून टाकली. टी-शर्ट आयोजकांनी दिलेले: दोन्ही नारिंगी, दोन्ही एकाच मापाचे, दोन्ही कोचावर घडी घालून ठेवलेले. पहाटे मी चष्म्याशिवाय त्यातला एक उचलला. दुरुस्तीचं बीज हे. कोणता उचलला ते तुम्ही ओळखलं असेलच.

बंदुकीच्या आवाजासरशी प्रेमला गर्दीत दिसेनाशी झाली. मी वृत्तात होतो. पण चौथ्या किलोमीटरला खाडीत रोहित पक्षी उतरले होते, इतके की पाणी लाजल्यासारखं दिसत होतं. आता हौसेराव, ते सोडून पुढे धावणाऱ्या माणसाला शाळेत गेल्याचा उपयोग काय? मी कठड्याला टेकलो. किती वेळ ते सांगता येत नाही. मग पुढे एक केळं, थोडं शहाळं, आणि यमाचा यमाचा करीत मी पोचलो. ऋषीच्या गाडीपाशी प्रेमला केव्हाची बसलेली. म्हणाली, "एवढा उशीर?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं की मी मघाशीच आलो, पदकाच्या रांगेत अडकलो होतो.

साधं, घरगुती खोटं होतं ते. दुपारी फोनवर संदेश आला: पुरुष, पासष्टच्या वर, एक तास नऊ मिनिटं, क्रमांक तिसरा. माझं खोटं संगणकानं खरं करून दाखवलं होतं. काय सांगू, तासाभरात मला ते आठवूही लागलं. पक्षी मी धावता धावताच पाहिले असावेत असं वाटू लागलं. गेल्या मंगळवारी आमच्या सेक्रेटरी स्मिताताईंनी सोसायटीच्या फाटकावर माझा फोटो असलेला फ्लेक्स लावला, 'ज्येष्ठांचा आदर्श'. वॉचमन सलाम ठोकू लागला.

प्रेमलाच्या फोनवरही संदेश आला होता: एक तास एकेचाळीस मिनिटं, महिलांत शेवटून दुसरी. तिनं तो दोनदा वाचला. म्हणाली, "मला वाटलं, मी चांगली पळाले." एवढंच. दुसऱ्या दिवशी पहाटे ती उठली नाही. तिसऱ्या दिवशी बूट वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर गेले. "वय झालं. उगीच हसं कशाला," म्हणाली, आणि वाल सोलत बसली.

गुरुवारी शर्यतीचे फोटो आले. आपला नंबर घातला की आपले फोटो निघतात. माझ्या नावावर नोंदलेला नंबर घातला, तर बारा फोटो निघाले आणि बाराही प्रेमलाचे. एकात तिचे दोन्ही पाय जमिनीला टेकलेले नाहीत. तिचा घातला, तर माझे तीन: कठडा, केळं, शहाळं.

लग्न ठरवताना तुम्ही तिचा स्वयंपाक सांगितलात, शिवण सांगितलंत, उपासतापास सांगितले. ती अशी पळते हे सांगितलं नाहीत. (कबूल, मुलगी पळते असं कुठला भाऊ सांगेल.) बेचाळीस वर्षं मी तिला ओट्यापाशी, रांगेत, माझ्या मागून पिशव्या घेऊन येताना पाहिलं. पाय अधांतरी असताना कधी पाहिलं नव्हतं.

त्याच क्षणी सांगायला हवं होतं. मी पाच दिवस सांगतो आहे. "प्रेमला," म्हणतो, ती वर पाहते, मी मीठ मागतो. पहाटे एकटा जातो, पण गाठायला कुणी पुढे नाही आणि मागूनही कुणी येत नाही. कालपासून मी परत बाकावर बसतो. तेव्हा दुरुस्ती एवढीच, की तिसरा नंबर माझा नाही. घरातल्याच माणसाचा आहे, म्हणजे बाहेर गेलेला नाही. सत्काराचं काय करायचं, तुम्ही सुज्ञ आहात.

सर्वांना यथायोग्य, आणि लहानांना जे उरेल ते.

तुमचा (इयत्तेनं थोरला)
नंदकिशोर

ता. क. — खरं कारण आता लिहितो. सोबत बारा फोटो छापून ठेवले आहेत. तुम्ही तिला फोन करा आणि फोटो पाहून तुम्हालाच अदलाबदल उमगली असं सांगा. मला रागवा, हवं तेवढं. फक्त तिनं बूट खाली काढले पाहिजेत.

दुसरा ता. क. — पत्र टेबलावर ठेवून अंघोळीला गेलो होतो. बाहेर आलो तर पाकीट उघडं आणि प्रेमला खुर्चीत. पत्र तिनं वाचून बाजूला ठेवलं होतं. हातात तो पाय अधांतरी असलेला फोटो. "ही मी?" म्हणाली. मी हो म्हटलं. मग, "पाच दिवस मीठ मागत होतात होय. मला वाटलं, माझ्या हाताची चव पण गेली." स्टूल धरायला मला सांगून स्वतः माळ्यावर चढली. फोटो मागे ठेवून घेतला आहे, तेव्हा तुम्हाला अकराच मिळतील.

तिसरा ता. क. — मी सांगितल्यावर ऋषीनं आयोजकांना सगळं कळवलं. तासाभरात उत्तर आलं: बिब बदलल्यास दोघेही बाद. म्हणजे सरकारी दृष्टीनं आम्ही दोघं त्या रविवारी घरीच होतो. फ्लेक्स मी स्वतः उतरवला. स्मिताताई म्हणाल्या, मागची बाजू कोरी आहे, उन्हाळ्यात गच्चीवर पापड वाळवायला होईल. मी प्रेमलाला म्हटलं, महिलांत तुझा पहिला नंबर आला असता गं. ती बुटाची नाडी बांधत होती. म्हणाली, "नंबर असू द्या. मी हळू नव्हते ना?"

चौथा, आणि पाकीट बंद — सव्वीसला आम्ही येतोच आहोत. सत्कार रद्द करू नका, नाव तेवढं बदला. फेटा तिलाच बांधावा असं मी सुचवलं. तिचा निरोप जसाच्या तसा लिहितो: "दादाला म्हणावं, फेट्याचं राहू दे. कालव्याच्या रस्त्यावरची कुत्री पहाटेची बांधून ठेवायला सांग लोकांना, मला पळायचंय."