फिल्टरला हात लावू नका

४ फेब्रुवारी

ती. दादास,

शि. सा. न. वि. वि. नमस्कार कागदावरच घे. कंबर वाकत नाही, आणि त्याला कारण आपला छोटा ट्रॅक्टर.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मला ओरडवत नाही, म्हणून सगळं लिहूनच कळवते. नोव्हेंबरात तू येऊन सर्व्हिसिंग करून गेलास, तेव्हापासून तो शहाण्यासारखा वागत होता. गेल्या आठवड्यात बिनसलं. सुरू केल्यावर पहिली दहा मिनिटं मागची हायड्रॉलिक लिफ्ट ओझं नीट उचलते. मग तिचे हात थरथरत वर जातात, मध्येच अडतात आणि एकदम झटका देतात. पंप आजारी माणसासारखा कण्हतो. सोमवारी असाच झटका बसला आणि रोपांचा अख्खा क्रेट ह्यांच्या पायावर आला. हाड वाचलं, पण चप्पल अजून चढत नाही. तेव्हापासून रोपवाटिकेतले क्रेट मी हातांनी वाहते आहे. महिनाअखेर बागखात्याला बाराशे रोपं द्यायची आहेत.

ह्यांनी ऑइल बदलून पाहिलं. काही फरक नाही. ट्रॅक्टर जुना घेतलेला, त्याच्याबरोबर पुस्तक आलंच नव्हतं. तू चाळीस वर्षं गॅरेजात काढलीस, काय करायचं ते सांग.

माया पातळ होऊ देऊ नकोस, आणि उत्तर आठवड्याच्या आत पाठव.

तुझी,
धाकटी

---

१० फेब्रुवारी

चि. धाकटीस,

अ. उ. आ. पत्र मिळालं. पाय शेकू नका, दोन दिवस बर्फ लावा, हे तुझ्या यजमानांना सांग. ते नेमकं उलटं करत असतील.

आता ट्रॅक्टर. ऑइल बदललं म्हणजे कुठलं घातलं? घरात जे सापडेल ते ओतायची त्यांची सवय मला ठाऊक आहे. डबा बघून नाव कळव. मग इंजिन तापल्यावर ऑइलची पट्टी काढून पाहा. ऑइल दुधासारखं पांढरं दिसलं तर आत पाणी गेलंय. साबणासारखा फेस असेल तर कुठून तरी हवा ओढतंय. पंपाकडे जाणारा पाइप, त्याच्या क्लिपा, सगळं पाना लावून घट्ट करा. आणि फिल्टरला हात लावू नका. तो नवा आहे, मी माझ्या हातांनी बसवलाय. तेवढी एक वस्तू त्या ट्रॅक्टरमध्ये धड आहे, ती तरी राहू द्या.

आमच्याकडे ठीक. गॅरेजच्या मालकांनी मला जानेवारीपासून पुन्हा आठवड्यातून तीन दिवस ब्रेकच्या कामाला बोलावलंय. तरुण पोरांना ब्रेक बसवता येत नाहीत, नुसतं मोबाइल बघत बसता येतं.

लोभ आहे तो आहेच, पाने मात्र जागच्या जागी ठेवत जा.

तुझा,
दादा

---

१९ फेब्रुवारी

ती. दादास,

सा. न. ऑइल बरोबर होतं. डब्यावरचं नाव उतरवून सोबत जोडलं आहे, म्हणजे तुझं समाधान होईल. पाय शेकलाच होता, ते मात्र तू ओळखलंस.

पट्टीवर फेस आहे. पांढरं नाही. म्हणून क्लिपा आवळल्या, पाइप नवा घातला, पाइपाच्या टोकाची रबरी रिंग बदलली. ऑइल पुन्हा बदललं. लिफ्ट तशीच थरथरते. आता हे घरात पाऊल टाकतात तेव्हा त्यांच्या अंगाला ऑइलचा वास आधी येतो, माणूस मागून.

मॅन्युअल शोधायचा तर मी धसकाच घेतलाय. नेटवर प्रत्येक ठिकाणी मुखपृष्ठ दाखवतात, आणि पुढचं पान उघडायला गेलं की भलतंच दुकान उघडतं. स्पेअर पार्टवाल्याने छातीठोकपणे एक पुस्तक दिलं. घरी येऊन पाहिलं तर आपल्या ट्रॅक्टरच्या थोरल्या भावाचं. त्यात लिव्हर डावीकडे, आपला उजवीकडे. ह्यांनी अर्धा दिवस सीटखाली डोकं घालून नसलेला नट शोधला. मग मी कृषी शाळेच्या ग्रंथपालबाईंकडे गेले. बिचाऱ्यांनी कपाटं उपसून नेमकं आपलं पुस्तक काढलं. मला इतका आनंद झाला की तिथेच बसून चाळायला लागले. हायड्रॉलिकचं प्रकरण गायब. कुणीतरी पानं ब्लेडने कापून नेली आहेत. त्या माणसाची लिफ्ट तरी चालू असो.

हे म्हणत होते फिल्टर उघडून बघू. मी तुझा हुकूम वाचून दाखवला. त्यांनी पाना पेटीत टाकला, पण पेटीचं झाकण जरा जोरातच आपटलं.

आठवण ठेव, आणि रागावणार असशील तर थोडक्यात रागाव.

धाकटी

---

२५ फेब्रुवारी

चि. धाकटीस,

आशीर्वाद. फिल्टर उघडायचा नाही म्हणजे नाही. नव्या फिल्टरवर संशय घेणं हे अडाण्याचं काम. तुझे यजमान शाळेत भूगोल शिकवायचे ना, मग मी कधी त्यांना नद्या शिकवायला गेलो का? हवा पंपाच्या सीलमधून जात असणार. पंप उतरवून माझ्याकडे पाठवा, मी बघतो.

तुझं अक्षर हल्ली फार बारीक झालंय. कागदाची काटकसर करू नकोस, मोठं लिही.

कळावे. जीव जडलेला आहे म्हणून चिडतो.

दादा

---

८ मार्च

ती. दादास,

सा. न. वि. वि. हे पत्र मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहिते आहे. तीनदा लिहून फाडलं.

रोपं वेळेवर गेली. शेजारच्या दूधवाल्याने आपला टेम्पो दिला, म्हणून अब्रू राहिली. दुसऱ्या दिवशी ग्रंथपालबाई स्वतः घरी आल्या. त्यांनी दुसऱ्या शाळेला पत्र लिहून त्या प्रकरणाच्या प्रती मागवल्या होत्या. लिफ्ट थरथरते, ऑइलला फेस येतो, या दुखण्याखाली पहिलीच ओळ होती: फिल्टर काढून त्याची बैठक तपासा.

आम्ही काढला. आत एकावर एक दोन रबरी रिंगा होत्या. नव्या फिल्टरची नवी, आणि तिच्याखाली बैठकीला चिकटून राहिलेली जुनी. दोन्हींच्या मधून हवा जात होती. जुनी खरवडून काढली, एकच ठेवली. आता लिफ्ट अशी उचलते की बघत राहावं.

ह्यांचं म्हणणं, दादांना यातलं काही कळवायचं नाही, पंपाचं सील बदललं असं लिही. गेला महिनाभर तू ज्यांना नावं ठेवलीस, ते असं म्हणतात. मी ऐकलं असतं. चूक कुणाचीही होते. पण दादा, ती रिंग काळी असली तरी बोटाएवढी जाड आहे. ती तुला दिसली नाही. नोव्हेंबरात तू चहाच्या कपाशेजारी चहा ओतला होतास, आणि मी हसले होते. आता हसू येत नाही. तू ब्रेक बसवतोस. त्या गाड्यांत माणसं बसतात.

डोळे दाखवून घे. तोवर ब्रेकला हात लावू नकोस. धाकटीने थोरल्याला असं लिहू नये हे मला कळतं.

राग आला तरी पत्र टाक.

तुझी,
धाकटी

---

१३ मार्च

धाकटीस,

पत्र मिळालं. मी पान्याला हात लावला तेव्हा तू बोबडं बोलत होतीस. माझे डोळे ठीक आहेत. ट्रॅक्टर चालू झाला, आनंद आहे.

दादा

---

२४ मार्च

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. मागचं पत्र चुलीत घाल.

ते टाकल्यावर दोन दिवस कामावर गेलो. तिसऱ्या दिवशी एका व्हॅनचा ब्रेक बसवताना माझ्या लक्षात आलं की मी बघत नाहीये, बोटांनी चाचपतोय. आणि हे आजचं नाही, वर्षभराचं आहे. उजव्या डोळ्यापुढे कायम धुकं असतं. डाव्याने निभावत होतो. तुमच्याकडे फिल्टर बसवला तेव्हाही बैठकीवरून नुसता अंगठा फिरवला होता. गुळगुळीत लागली म्हणून स्वच्छ समजलो. ती जुनी रिंगच होती.

पाना खाली ठेवला आणि मालकांकडे जाऊन सगळं सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी खुर्ची दिली आणि वही मागवली. गेल्या दोन महिन्यांत मी हात लावलेल्या गाड्या एकेक करून परत बोलावल्या. ज्या पोरांना मी मोबाइलच्या नावाने टोमणे मारायचो, त्यांनीच सगळे ब्रेक उघडून तपासले. मी बाकावर बसून होतो. अकरा गाड्या चोख निघाल्या. बारावीत, एका शाळेच्या गाडीत, मागच्या चाकाची एक पिन बसवायची राहून गेली होती. ज्या पोराला ती जागा रिकामी दिसली, त्याने काही न बोलता नवी पिन घातली आणि मला पाणी आणून दिलं.

गाडी दोन महिने रोज धावत होती. तू ते पत्र चौथ्यांदाही फाडलं असतंस तर काय झालं असतं, याचा विचार मी दिवसा करत नाही.

मोतीबिंदू आहे. नऊ एप्रिलला ऑपरेशन. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इतका पिकेपर्यंत थांबलात कसे. मी म्हटलं, अनुभवामुळे.

यजमानांना माझा नमस्कार सांग. हो, नमस्कार. तू दोन दिवस आधी ये, आणि त्यांनाही घेऊन ये. पट्टी सुटेपर्यंत मला कुणी तरी हाताला धरून न्यायला लागेल, आणि तू फार भरभर चालतेस.

वाट पाहतो.

तुझा,
दादा